नऊ पानांची आजी

नेहमीप्रमाणे हे या भागाचं लिखित रूप. ऐकताना जे आकडे आणि नावं निसटतात, ती इथे निवांत सापडतील.

आजचा विषय घरातून सुरू होतो. एप्रिल २०२०, लॉकडाऊन. आमची आजी गेली. कोविडने नाही, वयाने. पण दिवस तेच होते. तेराव्याला भिंतीवर फोटो लावायचा, त्याला हार घालायचा, ही आपली रीत. आणि गावातले सगळे फोटो स्टुडिओ बंद. घरात होता एक साधा प्रिंटर, भाच्याच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला. फोनमध्ये आजीचा एक बरा फोटो होता, कुणाच्या तरी साखरपुड्यात काढलेला. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत आमच्यापर्यंत आला तेव्हा १२०० बाय १६०० पिक्सेलचा उरला होता. मी तो एका पानावर छापून आत्याला दाखवला. आत्या म्हणाली, "एवढासा? हाराखाली दिसायचीसुद्धा नाही गं ती."

खरं होतं. ए४ कागद म्हणजे २१ सेंटिमीटर बाय २९.७. झेंडूचा हार घातला की उरतं काय? मग रात्री अकरा वाजता मी आणि माझा मावसभाऊ कामाला लागलो. फोटोचे नऊ तुकडे करायचे, तीन आडवे, तीन उभे. प्रत्येक तुकडा एका पानावर छापायचा आणि मग जोडायचे. त्या रात्री वाटत होतं की आपण काहीतरी जुगाड शोधलाय. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, हा जुगाड ५०० वर्षांचा आहे आणि तो पहिल्यांदा मोठ्या थाटात करणाऱ्यांमध्ये एक सम्राट होता.

मूळ अडचण तीच. छापणाऱ्या यंत्राला मर्यादा असते. एका वेळी केवढा कागद दाबला जाईल, ते यंत्र ठरवतं. त्याहून मोठं चित्र हवं असेल तर दोनच वाटा. एक तर यंत्र मोठं करा, नाहीतर चित्र कापा.

सम्राट होता मॅक्सिमिलियन पहिला, पवित्र रोमन साम्राज्याचा. जुने रोमन सम्राट विजयानंतर दगडी कमानी उभारत. मॅक्सिमिलियनलाही कमान हवी होती, पण महाशयांची तिजोरी कायम रिकामी. त्याने कमान कागदावर छापून घेतली. चित्रकार होता न्युरेम्बर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर, त्याच्या हाताखाली आणि सोबतीला आणखी काही जण. त्या काळातल्या छापखान्यात मोठं चित्र एका दाबात निघणं शक्यच नव्हतं. म्हणून लाकडाचे सुमारे १९५ ठोकळे कोरले गेले आणि त्यांचे ठसे ३६ मोठ्या कागदांवर उमटवले गेले. ते सगळे जोडले की जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद कमान उभी राहते. तिच्यावर सम्राटाची वंशावळ, लढाया, लग्नं, सगळं. चित्रावर साल आहे १५१५, आणि १५१७-१८ मध्ये पहिले सुमारे ७०० संच छापले गेले. ते शहराशहरांत, राजवाड्यांत पाठवायचे, तिथल्या लोकांनी भिंतीवर चिकटवायचे.

आपल्याकडे चौकाचौकात नेत्याच्या वाढदिवसाला फ्लेक्सची स्वागत कमान लागते ना, तिचा हा थेट पूर्वज. फ्लेक्सवाल्यांना मात्र जोड द्यायचं काम उरलेलं नाही.

मला मात्र यापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त आवडते, आणि ती थोडी आधीची आहे. १५०७ साली मार्टिन वाल्डसेम्युलर या जर्मन नकाशाकाराने जगाचा नकाशा छापला. "अमेरिका" हे नाव नकाशावर पहिल्यांदा आलं ते यात. हाही तुकड्यांतच, १२ पानांचा. जोडला तर साधारण साडेचार फूट बाय आठ फूट. प्रती भरपूर निघाल्या असाव्यात, पण आज शिल्लक आहे फक्त एक. आणि ती का शिल्लक राहिली बघा. ज्यांनी तो भिंतीवर लावला, त्यांचे नकाशे ऊन, ओल, धूर यांनी गेले. एका माणसाने, योहानेस श्योनर नावाच्या अभ्यासकाने, पानं जोडलीच नाहीत. सुटी पानं एका बाडात बांधून ठेवली. ते बाड पुढे दक्षिण जर्मनीतल्या वोल्फेग नावाच्या किल्ल्यात पडून राहिलं आणि १९०१ साली योसेफ फिशर या जेझुइट पाद्र्याला सापडलं. नंतर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १ कोटी डॉलर देऊन ते घेतलं. २००३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. न जोडलेली १२ पानं, १ कोटी डॉलर!

ट्रेकला जाणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट्सचं तत्त्व हेच. सगळा देश चौकटींत कापलेला, प्रत्येक चौकटीला नंबर. आणि आपल्याला जायचा किल्ला नेमका दोन शीटच्या सीमेवर येतो, हा माझा अनुभव. जोड नको तिथेच पडतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फोटोकडे येऊ. १८३९ मध्ये फोटोग्राफी जाहीर झाली, पण पुढची कित्येक वर्षं फोटो मोठा करणं हा प्रकार जवळजवळ नव्हता. आज आपण दोन बोटांनी स्क्रीन ताणतो, त्यामुळे हे पटकन पचत नाही. तेव्हाचा छपाईचा कागद उजेडाला फार मंद होता. काचेची निगेटिव्ह कागदावर थेट टेकवायची आणि उन्हात ठेवायची, तेव्हा कुठे चित्र उमटे. म्हणजे निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढाच. मोठा फोटो हवा? मग काच मोठी घ्या, आणि काच मावेल एवढा कॅमेरा घ्या.

कार्लटन वॉटकिन्स हा सॅन फ्रान्सिस्कोचा फोटोग्राफर १८६१ मध्ये योसेमिटीच्या दरीत गेला तो १८ बाय २२ इंची काचांचा कॅमेरा घेऊन. सामान खेचरांवर, वाट डोंगरातली. वर काच ओली असतानाच तिच्यावर फोटो घ्यायचा आणि ती तिथल्या तिथे तंबूत धुवायची. हातात फोन धरून "नेटवर्क नाही यार" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे एकदा डोळ्यांपुढे आणावं.

"यंत्र मोठं करा" या वाटेचं टोक गाठलं जॉर्ज लॉरेन्सने, शिकागोत, १९०० साली. शिकागो अँड आल्टन या रेल्वे कंपनीने नवी देखणी गाडी बांधली होती आणि तिला गाडीचा अख्खा फोटो हवा होता, एका काचेवर, बिनजोड. तुकड्यांत काढून जोडा, असं आधी सुचवलं गेलं नसेल असं नाही, पण कंपनीला तो जोड नको होता. लॉरेन्सने कॅमेराच बांधला. काच साडेचार फूट बाय आठ फूट, काचेसकट वजन ६०० किलोच्या वर, हलवायला १५ माणसं. रेल्वेच्या वाघिणीवर चढवून तो शेतात नेला आणि गाडीचा फोटो घेतला. ते चित्र पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पाठवलं, तर तिथल्या लोकांचा विश्वासच बसेना आणि खात्री करायला माणूस पाठवावा लागला, अशी हकिकत सांगतात. फोटो उत्तमच आहे. पण एका फोटोसाठी एवढा खटाटोप करायची ऐपत एका रेल्वे कंपनीची.

आणि माझ्या डोक्यात अडकलेली गोष्ट हीच आहे. सम्राट, नकाशे, रेल्वे. चित्र मोठं होत होतं ते कुणाचं? ज्याच्याकडे पैसा, त्याचं. साध्या माणसाचा चेहरा तळहाताएवढाच राहिला.

अर्थात मधली वाट काढणारे लोक होते. बाल्टिमोरचा डेव्हिड वुडवर्ड हा चित्रकार होता. त्याने १८५७ मध्ये "सोलर कॅमेऱ्या"चं पेटंट घेतलं. आरसा आणि भिंगाने सूर्यप्रकाश गोळा करायचा, छोट्या निगेटिव्हमधून सोडायचा आणि समोरच्या मोठ्या कागदावर किंवा कॅनव्हासवर पाडायचा. सूर्य सरकला की आरसाही सरकवायचा. तासन्‌तास हा उद्योग. एवढं करून चित्र उमटे ते बऱ्याचदा फिकट. मग चित्रकार त्यावर कोळशाने, खडूने किंवा तैलरंगाने हात फिरवायचा. जुन्या वाड्यांत पणजोबांचे मोठे फोटो असतात ना, पगडी नीट, डोळे जरा जास्तच रेखीव? त्यांतल्या अनेकांत फोटो किती आणि रंगवणाऱ्याचा हात किती, हे सांगणं अवघड असतं. पुढे जलद ब्रोमाइड कागद आला, विजेचा दिवा आला, अंधाऱ्या खोलीत एन्लार्जर आला आणि "फोटो मोठा करून आणणे" हे स्टुडिओचं रोजचं काम झालं. तरी ते काम स्टुडिओचंच होतं, घरचं नव्हतं.

दरम्यान छापखान्यात एक वेगळीच क्रांती चालू होती. छापखान्याच्या शाईला करडा रंग माहीत नाही. ती एक तर लागते किंवा लागत नाही. मग फोटोतल्या सावल्या छापायच्या कशा? उत्तर म्हणजे ठिपके. गडद जागी जाडे, उजळ जागी बारीक. लांबून बघताना डोळा त्यांची बेरीज करतो आणि आपल्याला करडा दिसतो. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रजाने जाळीदार कापड वापरून असं काही करता येईल, हे १८५२ च्या पेटंटातच मांडलं होतं. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या "डेली ग्राफिक"ने एका झोपडपट्टीचा फोटो या हाफटोन पद्धतीने छापला. तंत्र पुढे सुधारत गेलं आणि जगभर पसरलं.

इथे आपला एक माणूस येतो, आणि तुम्ही त्याला वेगळ्याच कामासाठी ओळखता. धुंडिराज गोविंद फाळके. सिनेमाच्या आधी दादासाहेब हे फोटोग्राफी, लिथोग्राफी आणि ब्लॉक बनवणं यात मुरलेले कारागीर होते. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं, स्वतःचा छापखाना चालवला, छपाईतलं नवं शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. "राजा हरिश्चंद्र" १९१३ चा. म्हणजे पडद्यावर चित्र हलवायच्या आधी या माणसाने चित्राचे ठिपके करण्याची कला हातात घेतली होती. ठिपक्यांचं जाळं आणि सेकंदाला सरकणाऱ्या चौकटी, दोन्हीकडे फसवायचं असतं डोळ्यालाच. हा माझा आवडता योगायोग आहे, त्यातून सिद्धांत काढू नका.

सिनेमा आला तशी पोस्टरं आली, आणि पुन्हा तोच प्रश्न. छापखान्यातून निघतो एक शीट. थिएटरच्या भिंतीला ते म्हणजे टिकली. म्हणून सहा शीटचं पोस्टर, चोवीस शीटचं पोस्टर. नावातच हिशेब आहे. तुकडे क्रमाने छापायचे आणि शिडीवरच्या माणसाने खळ लावून भिंतीवर जुळवायचे. त्याहून मोठं हवं असेल तर छापायचंच नाही, रंगवायचं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाच्या जाहिरातीत चित्रकाराचा हात आणला. एम. एफ. हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं. होर्डिंग रंगवणाऱ्यांची एक नेहमीची युक्ती तुम्हाला आजही बघायला मिळेल. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, मोठ्या पृष्ठभागावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट उतरवायची. दिवाळीत किंवा शिवजयंतीला मोठी व्यक्तिचित्रांची रांगोळी काढणारे कलाकार जवळून बघा. दोऱ्याने आखलेल्या चौकटी दिसतील.

आता घरचा प्रिंटर. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो शाईचा थेंब बाहेर ढकलतो. इंकजेटची एक मोठी शाखा इथून निघाली. एचपीचा डेस्कजेट १९८८ मध्ये आला, किंमत सुमारे १,००० डॉलर. आज आपण ज्याच्यावर "शाई संपली रे पुन्हा" म्हणून वैतागतो, तो त्याचाच वंशज.

या यंत्रात शाईचं डोकं एका दांडीवर डावीकडून उजवीकडे पळतं. दांडी जेवढी, चित्र तेवढं रुंद. लांबीला मात्र अडवणारं फार काही नाही, कागद पुढे सरकत राहतो. ही फट लोकांनी लगेच हेरली होती, तीही घरोघरी इंकजेट येण्याच्या आधी. १९८४ मध्ये अमेरिकेत "द प्रिंट शॉप" नावाचं सॉफ्टवेअर आलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा घड्यांचा सलग कागद आठवतो का, रेल्वेच्या रिझर्व्हेशन चार्टचा? त्यावर आडवं करून "हॅपी बर्थडे" चार-पाच पानं लांब छापता येऊ लागलं. घरच्या यंत्रातून घरापेक्षा मोठं काहीतरी निघालं, ते बहुधा तेव्हाच. मग डीटीपीवाल्यांच्या पेजमेकरमध्ये "टाइल" नावाचा पर्याय, पुढे अॅक्रोबॅट रीडरमध्ये "पोस्टर", अगदी विंडोजच्या पेंटमध्येसुद्धा "इतक्या बाय इतक्या पानांवर बसवा" अशी सोय. २००० नंतरच्या दशकात फिनलंडहून "रास्टरबेटर" नावाचं फुकट साधन आलं (नाव चावट आहे, मला माहीत आहे). ते फोटोचे मोठाले ठिपके करतं आणि पानांवर कापून देतं. टॅल्बटचे ठिपके आणि मॅक्सिमिलियनचे तुकडे, दोन्ही एकाच बटणात.

कागदही सोयीचा आहे. १९२२ मध्ये जर्मनीने कागदाच्या मापांचं मानक ठरवलं. त्यात लांबी-रुंदीचं गुणोत्तर असं आहे की कागद मधोमध कापला तरी आकार तोच राहतो. १६ ए४ जोडले की एक ए०, म्हणजे एक चौरस मीटर. आणि ३ बाय ३ केलं तरी प्रमाण ए४ चंच राहतं.

तर त्या रात्रीचा हिशेब. कडा आणि जोड वजा जाता चित्र सुमारे ८५ सेंटिमीटर उंच. १६०० पिक्सेल त्यात पसरवले तर एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. जवळून बघितलं तर चौकोन चौकोन. पण निरोगी डोळ्याला दोन मीटरवरून साधारण ०.६ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. भिंत आणि समोरची सतरंजी यात अंतर दोन मीटरच्या वर होतं. म्हणजे चालणार होतं.

पहिली चूक जोडाची. पहिल्या आखणीत जोड बरोबर आजीच्या डोळ्यांवरून जात होता. बघवेना. मग चित्र थोडं वर सरकवलं, वरचा जोड कपाळाच्या वर केसांत गेला, खालचा गळ्यापाशी, पदराच्या काठाजवळ. चेहरा पूर्ण मधल्या पानात. दुसरी चूक माझी. आईने कणकेची खळ करून दिली, पतंगाला करतो तशी, आणि मी ती सढळ हाताने लावली. घरच्या बहुतेक इंकजेटची शाई पाण्यात विरघळणारी असते, हे मला तेव्हा कळलं. आजीच्या गालावरून जांभळा ओघळ उतरला. मावसभाऊ काही बोलला नाही, उठून प्रिंटरमध्ये पुन्हा नऊ कागद ठेवले.

दुसऱ्या संचाला मागून चिकटपट्टी लावली आणि फ्रिजच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा आधाराला दिला. प्रिंटर कडेपर्यंत छापत नाही, चारही बाजूंना काही मिलिमीटर पांढरं सोडतो. म्हणून शेजारच्या पानांवर थोडं चित्र दोनदा छापलं आणि एकाची पांढरी कड फूटपट्टी लावून कटरने कापली. शेवटच्या तीन पानांना निळी शाई संपत आली होती, त्यामुळे साडीचा खालचा भाग लालसर झाला. पहाटे साडेतीनला फोटो भिंतीवर होता.

तेराव्याला आत्या समोर सतरंजीवर बसली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "साडी तर हिरवी होती ना तिची?" आणि मग हार घातला. हाराखाली आजी दिसत होती.

स्टुडिओ उघडल्यावर काकाने नीट फ्रेम करून आणली. पुठ्ठ्यावरची आजी त्या पावसाळ्यात ओलीने फुगली, जोड उघडले, शेवटी उतरवावी लागली. वाल्डसेम्युलरची गोष्ट मी त्यानंतर वाचली. नवी शाई घातल्यावर मी नऊ पानं पुन्हा छापली. या वेळी साडी हिरवी आली. ती जोडली नाहीत. प्लास्टिकच्या फाइलमध्ये आहेत, मागे पेन्सिलने १ ते ९ नंबर घातलेले. पाचव्या पानावर चेहरा आहे.